कलमाबाहेरची खुर्ची

१

मंत्रिसाहेब आमच्या सहाव्या मजल्यावर सहसा फिरकत नाहीत. त्या सकाळी मात्र ते सगळे जिने चढून धापा टाकत आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "बाई, कलम फुटलं."

बाई म्हणजे आमच्या करविधी विभागाच्या महासंचालिका. कुठल्या वस्तूवर किती कर बसणार, त्याचा कायदा कसा लिहायचा, नियम कसे करायचे, हे सगळं त्यांच्या हाताखालून जातं. मी त्यांचा स्वीय सहायक. त्या बोलतात ते मी लिहून घेतो आणि बोलत नाहीत ते मला ओळखावं लागतं. दुसरं काम जास्त असतं.

दरवर्षी कराचं विधेयक मांडण्याआधी आम्हाला या मजल्यावर कोंडून ठेवतात. फोन खाली रखवालदाराकडे जमा, लिफ्टला कुलूप, खिडक्यांना काळा कागद, घरच्यांशी बोलणं बंद. कामासाठी कुणा बाहेरच्याला भेटायचंच असेल तर तळमजल्यावर, लोखंडी जाळीच्या अलीकडून, रखवालदाराच्या देखत. कागदाचा कपटासुद्धा बारीक चिरूनच खाली जातो. आम्ही या प्रकाराला कोंडवाडा म्हणतो. माझी बायको म्हणते की वर्षातले हे दिवस फार सुखाचे जातात. कुणाचे, ते ती सांगत नाही.

आणि अशा कोंडवाड्यातून बातमी बाहेर गेली होती.

"बंदरावरच्या गोदामात एका बड्या व्यापाऱ्याचा माल वर्षभर पडून होता," मंत्री म्हणाले. "अंग रगडणाऱ्या विजेच्या खुर्च्या. या आठवड्यात त्यानं घाईघाईनं सगळ्या सोडवून नेल्या, जुन्या दरानं. उद्या आपण त्यांच्यावर कर वाढवतोय, हे त्याला कुणी सांगितलं?"

बाहेरून आलेला माल गोदामातून सोडवताना जो दर चालू असेल तोच भरावा लागतो. त्यामुळे दर वाढायच्या आधी माल बाहेर काढणाऱ्याची चंगळ होते.

"उद्या विधेयक सभागृहात जाईल. संध्याकाळपर्यंत मला नाव हवं," मंत्री म्हणाले. मग त्यांनी काचेपलीकडे मान खाली घालून लिहीत बसलेल्या मुलीकडे पाहिलं. "नाहीतर त्या मुलीला मी निलंबित करतोय. त्या व्यापाऱ्याच्या दुकानाचा व्यवस्थापक तिचा सख्खा काका आहे. ठाऊक होतं तुम्हाला?"

बाईंना ठाऊक नव्हतं.

२

ती मुलगी म्हणजे आमची सगळ्यांत धाकटी मसुदेकार. एका स्वल्पविरामासाठी ती कुणाशीही अर्धा दिवस भांडू शकते, म्हणून आम्ही तिला स्वल्पविरामच म्हणतो. आईवडील लहानपणीच गेले, काका-काकूंनी वाढवलं. ही नोकरी गेली असती तर ती कलंक घेऊनच गेली असती. कर विभागातून फितूर म्हणून काढलेल्या माणसाला कुणी दारातही उभं करत नाही.

फुटलेलं कलम तिनंच लिहिलेलं. चालता न येणाऱ्यांसाठीची चाकांची खुर्ची करमुक्त, आणि शरीराला आराम देणाऱ्या चैनीच्या यंत्रांवर वाढीव कर. ऐकायला सोपं आहे. पण विजेवर चालणारी चाकांची खुर्ची यंत्र नाही का? अंग रगडणारी खुर्ची पाठदुखीवाल्यानं घेतली तर? अशा वेळी बाईंचा एक नियम असतो, वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कलम लिहायचं नाही. त्यांच्या आधीचे एक साहेब वातानुकूलित खोलीत बसून छत्रीवरचं कलम लिहून गेले होते आणि हॉटेलवाल्यांनी बागेतले मंडपसुद्धा छत्री म्हणून खपवले होते. तेव्हापासून बाई कागदावर भरवसा ठेवत नाहीत.

म्हणून आमच्या खोलीत सध्या बसायला जागा नव्हती आणि खुर्च्या मात्र चिक्कार होत्या. हातानं ढकलायची चाकांची, विजेवर चालणारी चाकांची, अंग रगडणारी भली थोरली, आणि सलूनमधली वरखाली होणारी. रगडणाऱ्या खुर्चीवर मी एकदा बसलो होतो. नंतर दोन दिवस मी चालताना लोक वाट सोडून देत होते.

सलूनची खुर्ची बाईंनी आल्याआल्याच बाद केली. "ज्याच्यावर एखाद्याचं पोट चालतं ती वस्तू चैनीची कशी?" म्हणाल्या. ती कलमात आलीच नाही, नुसती कोपऱ्यात उभी राहिली. उलट पाण्याच्या धारांनी अंग शेकणारा टब कलमात होता, पण तो लिफ्टमध्ये मावणार नाही हे मापावरूनच दिसलं, म्हणून मागवलाच नाही. त्याच्या चित्रावर भागवावं लागलं आणि बाई दिवसभर कुरकुरत होत्या.

बाईंनी स्वल्पविरामला समोर बसवलं.

"काका त्या दुकानात आहेत, हे सांगितलं का नाहीस?"

"नोकरीला लागतानाच लिहून दिलंय, मॅडम. कुणी वाचलं नसेल." नजर सरळ होती.

"काकांशी या कलमाबद्दल बोललीस?"

"नाही."

"काहीच नाही?"

ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "कलमाबद्दल नाही. पण खुर्चीबद्दल बोलले."

माझी पेन्सिल कागदावरच थबकली.

३

"काकूंना पाय टेकवत नाहीत हल्ली," ती म्हणाली. "कोंडवाड्यात यायच्या आदल्या दिवशी काकांनी विचारलं, तिच्यासाठी चाकांची खुर्ची आत्ता घेऊ की थोडं थांबू? मी उत्तर दिलं."

"काय दिलंस?"

"ते काकांनाच विचारा, मॅडम. माझ्या शब्दावर विश्वास ठेवायला आज कुणाला काय कारण आहे?"

एवढं बोलून ती आपल्या टेबलाशी गेली. मला रागच आला. बुडणाऱ्यानं हात पुढे करायचा सोडून घडी घालून बसावं, याला काय म्हणायचं? बाई मात्र तिच्या पाठीकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

दुसरा संशयित होता आमचा उपसंचालक. कुठलाही निर्णय पुढे ढकलण्यात हातखंडा, म्हणून त्याचं नाव तहकूब. बाईंच्या खुर्चीवर त्याचा डोळा आहे हे भिंतींनाही माहीत होतं.

"मी आधीच म्हणत होतो, नवख्या पोरीला एवढं मोठं कलम देऊ नका," तो म्हणाला. "आणि बाई, जबाबदारी शेवटी वरच्याची असते. मी आपलं सहज म्हणतोय."

"तुम्ही दुपारी त्या कोपऱ्यातल्या खिडकीशी का उभे असता?" बाईंनी विचारलं.

"हवा... हवा खायला."

"खिडकीला काळा कागद आहे आणि ती उघडत नाही."

तहकूबचा चेहरा खर्रकन उतरला. खिडकीच्या पडद्यामागे हात घातल्यावर माझ्या हाताला एक बारीक तार लागली. तार ओढली, तशी तिच्यामागून एक छोटीशी काळी पेटी घरंगळत बाहेर आली.

४

पेटी म्हणजे खिशात मावणारा रेडिओ होता.

"सामना चालू आहे हो," तहकूब रडवेला झाला. "शेवटचा दिवस. मला धावसंख्या कळल्याशिवाय जेवण जात नाही."

मंत्र्यांना सांगायला मी उठलोच होतो. बाईंनी मला खाली बसवलं. "रेडिओला कान असतात, तोंड नसतं. यातून बातमी आत येईल, बाहेर कशी जाईल? यांना रागवायचं ते नंतर रागवू." मग तहकूबला म्हणाल्या, "काय झालं सामन्याचं?"

"जिंकतोय आपण," तो पुटपुटला.

चोर सोडून संन्याशाला फाशी देणं बाईंना जमत नाही. संन्यासी कितीही आगाऊ असला तरी.

दुपारी बाईंनी गोदामाच्या अधीक्षकाला जाळीपाशी बोलावून घेतलं. गोल चेहऱ्याचा, घामेजलेला माणूस. त्याला कराचं सोयरसुतक नव्हतं, त्याचं दुःख जागेचं होतं.

"काय सांगू मॅडम, त्या व्यापाऱ्यानं नुसता उच्छाद मांडला. ट्रकवर ट्रक! रगडणाऱ्या खुर्च्या नेल्या, ते ठीक. वर त्या सलूनच्या खुर्च्या! लोखंडी, अवजड, एकेकीला चार माणसं. माझ्या हमालाची पाठ धरली."

"सलूनच्या खुर्च्या नेल्या?" बाई जाळीजवळ सरकल्या. "नक्की?"

"म्हणजे काय! एकही ठेवली नाही. आणि जे न्यायला पाहिजे ते ठेवलं माझ्या उरावर. ते पाण्याचे टब! अर्धी वाट अडवून बसलेत. म्हटलं, मालक, हेही उचला की. तर म्हणतो, राहू द्या, त्यांची काही घाई नाही."

"चाकांच्या खुर्च्या?"

"त्या कुठल्या आल्या बंदरात? त्या इथल्याच कारखान्यात होतात."

बाई हसल्या. कोंडवाड्यात शिरल्यापासून त्यांचं हसू मी पहिल्यांदाच पाहिलं.

"सापडला?" मी जिन्यात विचारलं.

"आपल्यातलं कुणी नव्हतं, एवढं सापडलं," त्या म्हणाल्या. "बाकीचं तिच्या काकांना विचारू. बोलवा त्यांना."

५

काका आले ते पांढरेफटक पडलेले. सडपातळ, इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं. जाळी दोन्ही हातांनी धरून म्हणाले, "पोरीला काही झालं का?"

"ती बरी आहे. मला दोन गोष्टी सांगा. आमच्याकडे या खुर्च्या आल्या त्या कुठून?"

"आमच्याच दुकानातून," काका म्हणाले. "तुमच्या भांडारपालांचा फोन आला होता. एकेक खुर्ची नमुन्याला हवी, परत करण्याच्या बोलीवर. एवढे प्रकार एका छपराखाली फक्त आमच्याकडेच मिळतात."

"भांडारपालांनी कशासाठी ते सांगितलं?"

"नाही. पण गाडी निघताना मालक दारात होते. म्हणाले, कुठं चाललीय? मी म्हटलं, करविधी विभागात, सहाव्या मजल्यावर. ते नुसते हसले." काकांचा आवाज एकदम बारीक झाला. "मी चुकलो का हो? लपवण्यासारखं काही आहे असं मला कुणी सांगितलंच नव्हतं."

"तुम्ही नाही चुकलात. आता दुसरी गोष्ट. वहिनींच्या खुर्चीबद्दल तुम्ही पुतणीला काय विचारलंत?"

काकांनी जाळी सोडली. "तिला विचारलं, आत्ता घेऊ की थांबू? तसं माझ्या मनात काही नव्हतं. दुकानात कधीमधी सूट लागते, म्हणून म्हटलं. ती बराच वेळ बोललीच नाही. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मग म्हणाली, काका, काकूला गरज आहे ना? मग आजच घ्या. मी त्याच संध्याकाळी पूर्ण किंमत भरून घेतली. का हो?"

बाईंनी उत्तर दिलं नाही, देता येत नव्हतं. उद्या सकाळी ती खुर्ची करमुक्त होणार होती. ज्या पोरीनं ते कलम लिहिलं तिला हे ठाऊक होतं. 'थांबा' एवढं म्हटलं असतं तरी घरचे पैसे वाचले असते, आणि तो एक शब्द तिनं गिळला होता. तिच्यावर मघाशी चिडलो होतो, त्याची मला लाज वाटली. माझे डोळे भरून आले, म्हणून मी उगाच रखवालदाराच्या टेबलावरची वही सरळ करत बसलो.

"काही नाही," बाई शेवटी म्हणाल्या. "पुतणी चांगली वाढवलीत."

६

संध्याकाळी मंत्री आले. जिने चढून दमले होते. समोर दिसली त्या पहिल्या खुर्चीत बसले, आणि ती नेमकी रगडणारी निघाली.

"नाव?" त्यांनी विचारलं.

"सांगते. आधी एक विचार करा, साहेब. आमच्यापैकी कुणी फितूर झालं असतं तर त्यानं व्यापाऱ्याला काय सांगितलं असतं? टबांवर कर वाढतोय, ते आधी सोडवा. आणि सलूनच्या खुर्च्यांना हात लावू नका, त्या कलमात नाहीत. त्यानं केलं नेमकं उलटं. टब ठेवले, सलूनच्या खुर्च्या नेल्या."

"म्हणजे अर्धवट बातमी मिळाली."

"अर्धवट नाही, वेगळीच. या खोलीत काय लिहिलं गेलं त्यातलं त्याला अक्षरही कळलं नाही. या खोलीत काय आणलं गेलं, तेवढंच कळलं. सलूनची खुर्ची वर आली, म्हणून त्यानं तसल्या सगळ्या नेल्या. टब लिफ्टमध्ये मावणारा नव्हता म्हणून आम्ही मागवलाच नाही, म्हणून तो राहिला. खुर्च्या त्याच्याच दुकानातून आल्या. गाडी कुठं चालली, ते त्यानं दारात उभं राहून विचारलं."

"पण कर वाढणार हे कशावरून? कमीही झाला असता!"

"कर विभागानं वस्तू पाहायला मागवली, म्हणजे दर उतरणार, असं आजवर कुठल्या व्यापाऱ्याला वाटलंय?"

कोपऱ्यातून तहकूब खुसकन हसला आणि लगेच गंभीर झाला.

"अंदाज बांधणं हा गुन्हा नाही," बाई पुढे म्हणाल्या. "गाफीलपणा आमचा. कागदाचा कपटा आम्ही चिरून पाठवतो, आणि चार खुर्च्या भर दिवसा, सगळ्यांच्या देखत, पुढच्या दारानं वर चढवतो. दिव्याखाली अंधार! वस्तू पाहिल्याशिवाय लिहायचं नाही, हा नियम माझा. तुम्हाला नाव हवं होतं ना? माझं लिहा."

स्वल्पविराम ताडकन उठली. "मॅडम, नाही!"

मंत्री रागानं पुढे झुकले. हात टेकायला गेले तो खुर्चीच्या बटणावर. खुर्ची घरघरायला लागली. "बा-बा-बाई, ही ग-ग-गंभीर बाब आहे," ते म्हणाले. मी धावत जाऊन तार उपटली. त्यानंतर कडक चेहरा ठेवणं त्यांना जमेना.

"नाव लिहून मिळवू काय?" ते कपाळ पुसत म्हणाले. "पुढच्या वर्षी छत्रीच्या कलमात मंडप खपू देणारी माणसं? ताकीद लेखी मिळेल तुम्हाला."

"मिळायलाच हवी."

"पण त्या व्यापाऱ्यानं जुन्या दरानं माल उचलला, त्याचं काय? तो सुटला म्हणायचा."

"त्याची सोय हिनं केलीय," बाई म्हणाल्या.

स्वल्पविरामनं कागद पुढे केला. दुपारभर मान खाली घालून ती तेच लिहीत होती. निलंबनाची टांगती तलवार डोक्यावर असताना. वाढीव दर गोदामातून सोडवताना नव्हे, दुकानातून पहिल्यांदा विकताना लागेल, आधी सोडवलेला मालसुद्धा त्यातच धरला जाईल. व्यापाऱ्याची सगळी धावपळ पाण्यात. शिवाय सलूनच्या खुर्च्यांचा ढीग त्याच्या घरात.

मंत्र्यांनी दोनदा वाचलं. "इथं एक स्वल्पविराम जास्त आहे."

"नाही साहेब," ती म्हणाली, "तो हवाच."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि तसाच मंजूर केला.

७

दुसऱ्या दिवशी विधेयक मांडलं गेलं आणि कोंडवाड्याचं दार उघडलं. आम्ही डोळे चोळत खाली उतरलो. बाई मला पुढच्या वर्षीचं सांगत होत्या. नमुने वेगवेगळ्या दुकानांतून मागवायचे, आणि सोबत एक पाळणा, एक शिवणयंत्र, एक पिंप उगाचच. मग बांधू दे कुणाला काय अंदाज बांधायचा तो. तहकूब मागून म्हणाला की या विषयावर निर्णय घाईनं घेऊ नये.

फाटकाशी काका उभे होते. त्यांच्यासमोर नव्याकोऱ्या चाकांच्या खुर्चीत एक ठेंगणी, गोरटेली बाई बसलेली. मांडीवर डबा, केसांत कंगवा नुकताच फिरवलेला. काकूच असणार.

स्वल्पविराम त्यांना पाहून फाटकातच थबकली. काकांनी सकाळी मंत्र्यांचं भाषण ऐकलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

"तुला तेव्हाच ठाऊक होतं," काका म्हणाले. रागानं नव्हे. "या खुर्चीवरचा कर जाणार, हे."

"हो, काका." तिनं मान खाली घातली. "सांगता येत नव्हतं. तुमचं नुकसान झालं."

काका काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात काकूंनी त्यांच्या हातावर चापट मारली.

"कसलं नुकसान हो?" त्या म्हणाल्या. त्यांनी पुतणीचा हात ओढून आपल्या गालाला लावला. "थांबा म्हणाली असतीस, तर मी आज तुला घ्यायला इथवर आले असते का गं?"